बाबांना, एक ते अकरा

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेय, त्यात गोड बोलायला शिकायचं राहून गेलं. मशीन निदान मुकाट ऐकून घेतं. माणसं ऐकत नाहीत, आणि नवी सिस्टीम टाका म्हटलं तर मुळीच नाही. एक दातांचे डॉक्टर आहेत, रोज दहा जणांच्या तोंडात ड्रिल घालतात, ते मला म्हणाले, हात लावू नका बाई, आत्ता चालतंय ना. एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस सरू देत, मग बघू. त्या नऊ दिवसांची आता चार वर्षं झाली. कुणाला प्रिंटर रुसेल अशी धास्ती, कुणाला पडद्यावरची चित्रं जागची हलतील अशी. मी सगळ्यांना एकाच रांगेत बसवायची, आळशी लोकांच्या.

काटेवाल्या काकांनाही मी त्याच रांगेत बसवलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे टाकून दिलेल्या फाइली जिथे जाऊन पडतात तिथे, त्यांच्या मुलीनं लिहून टाकलेल्या अकरा चिठ्ठ्या होत्या. त्या जाऊ नयेत म्हणून हा माणूस पाच वर्षं मला नाही म्हणत होता. आणि तो डबा मी माझ्या हातानं रिकामा केला. काय झालं ते सगळं सांगते, माझी बाजू घेणार नाही.

काका वजनकाटे तपासायचे. दुकानांतले, गोदामांतले, औषधं बनवणाऱ्यांचे. रस्त्याला लागून एक लांबट खोली, पुढे काम, मागे राहणं, मधे एक जाड पडदा. भिंतीतल्या कपाटात मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली, सगळ्यात धाकटं नखाएवढं. ती चिमट्यानं उचलायची, बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो म्हणे. मी एकदा न विचारता एक उचललं, तर काकांनी ते माझ्याकडून घेतलं, पुसलं, पुन्हा तोललं आणि जागेवर ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काम चालू असलं की पंखा बंद, वाऱ्यानं काटा हलतो म्हणून. मी घामानं निथळत त्यांच्या मशीनवर वाकलेली असायची आणि ते तिकडे श्वास रोखून काट्याकडे बघत बसलेले असायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. ऐकायलाही जरा कमी यायचं त्यांना, त्यामुळे फोन आला की स्पीकरवर टाकायचे आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं. तेही फोन कामाचेच. दिवसभरात जे कोणी आत यायचं ते काटा घेऊन यायचं, दाखला घेऊन जायचं. बसा म्हटलं तरी कुणाला वेळ नसायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही नसायचा. चहा पुढे केला की मी उभ्यानंच घोटभर घ्यायची आणि पुढच्या कामाला पळायची. पडद्यामागे एकदा डोकावले होते, तिथे दोन खाटा होत्या. एकीवर अंथरूण, दुसरीवर जुन्या दाखल्यांचे गठ्ठे, नीट चौकोनी रचलेले.

त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल तर बोलायलाच नको. पडद्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आठ वर्षांतली एकूण एक फाइल तिथे मांडलेली, चुकलेले दाखले, दोनदा तीनदा आलेली तीच पत्रं, सगळं. मी म्हणायची, काका, निदान हे फुटके-तुटके तरी काढून टाका. ते म्हणायचे, असू दे. नव्या सिस्टीमचा विषय काढला की दर खेपेला नवं कारण. एकदा म्हणाले डोळ्यांना झेपणार नाही. एकदा म्हणाले माझा दाखल्यांचा प्रोग्रॅम त्यात चालणार नाही, तर मी तो माझ्या दुकानात चालवून दाखवला. मग म्हणाले, माउस हाताला बसलाय. अहो, माउस तोच राहणार आहे, म्हटलं. पुढच्या वेळी पुन्हा डोळ्यांवर आले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय. ते हसले होते.

खरं कारण मला कळलं ते फार उशिरा, त्यांच्याच तोंडून, पण इथेच सांगते म्हणजे पुढचं समजेल. काकांना एकच मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. बापलेक त्या खोलीत राहिले, आणि पोरगी वजनं पुसत पुसतच मोठी झाली. हात असा की चिमट्यानं वजन ठेवलं तर काटा थरथरायचासुद्धा नाही, असं काका सांगत होते. पुढे दोघं मिळून कामाला जायला लागले. एकदा काकांच्या तीस वर्षांच्या मित्राच्या गोदामातला मोठा काटा तपासायला गेले. काटा दहा किलोला चाळीस ग्रॅम खोटा होता. मित्र म्हणाला, आठवड्यात नीट करून घेतो, आज दाखला देऊन टाक, उद्या माणसं तपासायला येणार आहेत. मुलगी म्हणाली, मी सही करणार नाही. हमालांपासून सगळे बघत उभे होते. काका तिला सगळ्यांच्या देखत म्हणाले, काल काटा धरायला शिकलीस, आज बापाला शिकवतेस काय. आणि स्वतः सही केली.

बोटाच्या घामाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानं चाळीस ग्रॅम गिळले. जन्मात एकदाच, पण गिळले, आणि तेही मुलीला खोटं पाडून.

मुलीच्या हातात दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या नोकरीचं पत्र आधीपासून होतं. जावं की न जावं ठरत नव्हतं, ते त्या दिवशी ठरलं. दोन दिवस ती मागे सामान भरत होती, कॉम्प्युटरही तेव्हा मागेच असायचा, आणि काका पुढच्या खोलीत काटे तपासत होते. तिसऱ्या दिवशी गेली. भांडण नाही, रडणं नाही. तेव्हापासून वर्षातून दोनदा फोन होतो, एक तिचा, एक त्यांचा. तब्येत कशी, हवा कशी, ठेवते, ठेवतो. त्या काट्याचं नाव दोघांनी काढलेलं नाही.

ती गेल्यावर आठवड्यानं काकांनी काहीतरी शोधताना कचऱ्याचा डबा उघडला. आत अकरा फाइली होत्या. बाबांना एक, बाबांना दोन, असं करत बाबांना अकरा. शेजारी तारीख आणि वेळ, सगळ्या त्या दोन दिवसांतल्या. डब्यातली फाइल तिथल्या तिथे उघडता येत नाही, आधी बाहेर काढावी लागते. तेवढं काकांना माहीत होतं, आणि ते त्यांनी केलं नाही. तिनं लिहिलं आणि टाकलं, म्हणजे मी वाचू नये असंच तिच्या मनात असणार, असं ते मला म्हणाले. मग म्हणाले की तेही पूर्ण खरं नाही. आत काय असणार ते मला ठाऊक होतं, आणि ते तिच्या शब्दांत वाचायची छाती नव्हती.

तर हा माणूस आठ वर्षं रोज काम संपलं की तो डबा उघडायचा, अकरा नावं बघायचा आणि बंद करायचा. डबा भरला तर जुनं आपोआप जातं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यानं त्यानंतर एकही फाइल टाकली नाही. कॉम्प्युटरचा पडदा गच्च भरला, माझी बोलणी खाल्ली, पण टाकली नाही. आणि एका औषधवाल्याकडे काटा तपासायला गेला असताना तिथे ऐकलं की नव्या सिस्टीममध्ये डबा दर तीस दिवसांनी स्वतःच रिकामा होतो. झालं, त्या दिवसापासून नवी सिस्टीम म्हणजे वैरीण. ते तीस दिवसांचं एका खुणेनं बंद करता येतं. मला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात दाखवलं असतं. पण कचऱ्यात माझं काय आहे, हे तोंडानं सांगायचं कसं, म्हणून विचारलं नाही.

शेवटी अडला हरी. दाखले आता फक्त सरकारी साइटवरूनच द्यायचे असा आदेश निघाला, आणि ती साइट त्यांच्या जुन्या मशीनवर उघडेचना. एक तर काम सोडा, नाहीतर सिस्टीम बदला. काकांनी फोन केला आणि म्हणाले, या. मी मनात म्हटलं, आला उंट पहाडाखाली. जिंकल्यासारखी शीळ घालत गेले त्यांच्याकडे, आज आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मी खुर्चीत बसले तसे ते मागे येऊन उभे राहिले. जात नव्हते. मग विचारलं, "सगळं येतं ना नव्यात? कोपऱ्यातलंसुद्धा?"

"सगळं आणते काका. तुमची धूळसुद्धा आणते," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा सैल झाला. तेवढ्यात बाहेर कोणीतरी काटा घेऊन आलं आणि ते तिकडे गेले. आता आमच्या धंद्यात एक सवय असते. घर बदलताना कोणी केराची टोपली भरलेली नेत नाही, तशी आम्ही फाइली हलवायच्या आधी डबा रिकामा करतो. हे काही ठरवून करत नाही, हात आपोआप जातो. मशीननं विचारलं, या अकरा वस्तू कायमच्या काढायच्या का. मला क्षणभर नवल वाटलं, आठ वर्षांत या माणसानं अकराच वस्तू टाकल्या. नवल वाटलं तरी बोट थांबलं नाही. हो म्हटलं.

काका परत आले तेव्हा मी पुढच्या कामाला लागणार होते. त्यांची नजर थेट कोपऱ्यातल्या चित्रावर गेली. डबा भरलेला असला की त्यात कागद दिसतात, रिकामा असला की नाही. ते बघत राहिले. मी विचारलं, काय झालं. ते स्टुलावर बसले, हळूच, कुणीतरी खांदा धरून बसवावं तसे.

"त्यात होतं," ते म्हणाले.

मला आधी रागच आला. माझा स्वभावच तसा, चूक माझी असली की आधी दुसऱ्यावर तोंड टाकते. कचऱ्यात कोण ठेवतं हो काही, असं मी चांगलं मोठ्यानं म्हटलं. दाराशी थांबलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"मी ठेवलं नव्हतं," काका म्हणाले. "तिनं टाकलं होतं."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं, वर लिहिलं ते. सलग नाही, तुकड्या-तुकड्यानं, मधे मधे हातातलं फडकं घडी करत. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की घाबरू नका, काही जात नाही, आणि हा माणूस नेमकं ज्याला घाबरत होता ते मी पहिल्या पाच मिनिटांत करून दाखवलं होतं. मी आधी भिंतीतून तार उपटली. काढून टाकलेली फाइल लगेच मरत नाही, फक्त तिचा पत्ता पुसला जातो, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर ती सापडू शकते. हे त्यांना समजावलं आणि डिस्क काढून पिशवीत घातली. दारात असताना ते म्हणाले, सापडल्या तर वाचू नका. मी म्हटलं, नाही वाचणार.

पण ते जमण्यासारखं नव्हतंच. अशा रीतीनं काढलेल्या फाइलींना नावं राहत नाहीत, नुसते आकडे येतात, आणि सोबत जुनं, अर्धवट, मोडलेलं असं हजारो येतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानाचं शटर अर्धं ओढून मी एकेक उघडत बसले. दाखले, दाखले, पुन्हा दाखले. दुपारी पहिली सापडली. संध्याकाळपर्यंत नऊ मिळाल्या. दोन गेल्या त्या गेल्याच.

मला वाटलं होतं पानंच्या पानं असतील. चार फाइलींमध्ये नुसतं "बाबा," एवढंच होतं. स्वल्पविराम दिलेला, पुढे कोरं. एकीत होतं, "बाबा, तुमच्या गोळ्या वरच्या फळीवर". एकीत, "बाबा, मी गेल्यावर". एकीत, "बाबा, मी रागावून जात नाहीये, पण". एकीत नुसती तारीख. आणि एकीत, "बाबा, तुम्ही एकदा म्हणा की". तिथेच संपलेलं.

मी दुकानात एकटीच होते. ती नऊ पानं मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. दोन दिवस ती पोरगी मागच्या खोलीत बसून बाबा म्हणून हाक मारत होती आणि पुसत होती, आणि मधे एक पडदा होता.

तिसऱ्या दिवशी डिस्क घेऊन गेले आणि मशीनमध्ये बसवली. नवी सिस्टीम, तीस दिवसांची भानगड बंद केलेली, नऊ फाइली एका वेगळ्या कप्प्यात. काकांनी विचारलं, सापडल्या का. म्हटलं, नऊ. वाचल्यात का, म्हणाले. खोटं बोलता आलं असतं, पण त्या खोलीत जमेना. वाचाव्या लागल्या, म्हटलं.

ते बराच वेळ त्यांच्या काट्याकडे बघत होते. त्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं.

"गोदामातल्या काट्याचं आहे त्यात?"

"एकातही नाही," मी म्हटलं.

त्यांना ते पटेना. मग मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि नऊच्या नऊ उघडून दिल्या. वाचायला तीन मिनिटंही लागली नाहीत. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, काचेवर, चिमट्याबिमट्याशिवाय. एकदा म्हणा की. ते म्हणाले, हेच ते, काट्याबद्दलच आहे हे, मी चुकलो असं एकदा म्हणा. तिला तेच हवं होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, दुसरं काय असणार. मला काय माहीत.

त्यांनी फोन उचलला. वर्षाच्या दोन फोनांपैकी हा कुठलाच नव्हता. स्पीकरवर घंटी वाजत राहिली. मी उठून बाहेर जायला लागले तर त्यांनी हातानं बसा म्हणून खूण केली. त्या खोलीत पहिल्यांदाच मी बसून राहिले.

मुलीनं फोन उचलला तो घाबऱ्या आवाजातच. बाबा, काय झालं, बरं आहे ना. ते म्हणाले, बरं आहे, कॉम्प्युटर नवीन केला. मग काका एका दमात म्हणाले, "तो गोदामातला काटा चाळीस ग्रॅम खोटा होता. मला तेव्हाच दिसलं होतं. तू बरोबर होतीस."

आठ वर्षांचं ओझं होतं ते. मला वाटलं पलीकडून रडू येईल, किंवा राग तरी. मुलगी साध्या आवाजात बोलली, दमलेल्या माणसाच्या.

"ते मला माहीत होतं, बाबा. त्याचं मला काही नव्हतं. मी दोन दिवस बॅग भरत होते. तुम्ही एकदा तरी म्हणाल, जाऊ नकोस, असं वाटत होतं."

काकांचं तोंड उघडं राहिलं. फोन हातात, हात हवेत, आणि मी खुर्चीत बसल्या जागी मनात ओरडत होते, बोला हो, आता तरी बोला. ते म्हणाले, "तिकडे हवा कशी आहे?"

बरी आहे, ती म्हणाली. गोळ्या घेता ना. घेतो. ठेवते मग. ठेव.

फोन बंद झाला. मी माझी हत्यारं पिशवीत भरत होते, त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. मागून त्यांनी विचारलं, "आता ये म्हटलं तर येईल का हो ती?"

आणि मी, माझ्या या मेल्या जिभेनं, त्यांच्यावर खेकसले. मला काय विचारता, तिला विचारा, फोन हातातच आहे तुमच्या.

काकांनी फोनकडे पाहिलं. नंबर अजून वरच दिसत होता. अंगठा त्याच्यावर नेला, जरा वेळ तिथेच धरला. मग फोन हळूच पालथा टेबलावर ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "एका दिवसात दोनदा केला तर घाबरेल ती."